शुक्रवारची संध्याकाळ आणि फुकटची चित्रं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघी इथल्याच, बडोद्याच्या. लंडनला शिकायला होतो तेव्हा तिथं काय पाहिलं, ते सांगायला आम्हाला उभं केलंय.

विद्यार्थ्याच्या खिशाला लंडन परवडत नाही, पण मोठी संग्रहालयं फुकट. शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत. वर्ग सुटला की आम्ही दोघी, एक पोलंडची मैत्रीण आणि एक नायजेरियाची, अशी चौघींची वरात निघायची.

नॅशनल गॅलरीत व्हॅन आइकचं 1434 चं एक चित्र आहे, आर्नोल्फिनी नवरा-बायकोचं. मागच्या भिंतीवर आरसा, आणि आरशाच्या वर चित्रकारानं लिहून ठेवलंय की व्हॅन आइक इथे होता. आम्ही हसत सुटलो. आपल्याकडे किल्ल्यांच्या भिंतींवर बंड्या आणि पिंकी हेच तर लिहितात! फरक एवढाच की यानं भिंतही स्वतःच रंगवली होती.

ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र हसू थांबलं. तळघरात बेनिनचे पितळी पत्रे ओळीनं लावलेत. 1897 मध्ये इंग्रजी फौजेनं बेनिन लुटलं, तेव्हाचे. नायजेरियाच्या मैत्रिणीचं आजोळ त्याच शहरातलं. ती बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "माझ्या पणजोबांच्या गावची वस्तू बघायला मला व्हिसा काढावा लागला."

त्या रात्री आम्ही तिला वाघनखांबद्दल सांगितलं. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहातली. 2024 च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्यात. "उसनी?" एवढंच तिनं विचारलं.

आता जे सांगतोय ते काहींना आवडणार नाही. घरी फोनवर आईचा पहिला प्रश्न होता, "महाराजांचीच ना गं?" वाघनखांच्या पेटीवर तसं लिहिलंय, आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली, असंही लिहिलंय. पण अफझलखानाचा वध 1659 चा आणि ग्रँट डफ साताऱ्यात आला 1818 मध्ये. मधल्या दीडशे-एक वर्षांचा पुरावा नाही, हे संग्रहालय स्वतःच सांगतं. आम्ही आईला तेच सांगितलं. दोन दिवस ती आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तरी आम्हाला वाटतं, वस्तू परत मागायची तर तिच्याबद्दल खरं तेच बोलून मागावी.

आणि आपल्या कमाटी बागेतलं संग्रहालय? सयाजीराव महाराजांनी चित्रदालनासाठी युरोपातून चित्रं आणवली. इमारत 1914 मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रं अडकली आणि दालन उघडायला 1921 उजाडलं. ती चित्रं लुटीची नव्हेत, रीतसर विकत घेतलेली. आपण मात्र मुलांना देवमाशाचा सांगाडा आणि ममी दाखवतो आणि भेळ खायला बाहेर पडतो.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही दोघी संग्रहालयाच्या दाराशी थांबणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. चित्रदालन आधी बघू, देवमासा नंतर.