जप्त वाहनांचा सांभाळ : कायदा आणि कर्तव्य



२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. कारभार वेगळा झाला. तरी जंगल, नद्या आणि रस्ते समाईकच राहिले. सागवान, बांबू, तेंदूपाने, वाळू आणि कोळसा यांची वाहतूक या भागात पूर्वापार चालत आली आहे. अलीकडे एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाची तीत भर पडली आहे. वाहतूक वाढली की अपघात आणि नियमभंगही वाढतात. मग वाहन अडविले जाते, टोचन करून ओढून नेले जाते आणि कोठेतरी उभे करून ठेवले जाते.

मोठ्या शहरांत वाहने उचलण्याचे काम ठेकेदारांच्या क्रेन करतात आणि त्यांसाठी वाहनतळ राखलेले असतात. वनप्रदेशात मात्र पोलीस ठाणे, तहसील कचेरी व वनपरिक्षेत्र कार्यालय यांचे आवार हेच जप्त वाहनांचे ठिकाण असते. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, टायर जमिनीत रुततात, पत्र्याला गंज चढतो. अखेर निकाल लागतो तेव्हा मालकाच्या किंवा शासनाच्या हाती भंगारच उरते. हे टाळण्यासाठी कायद्यात काय तरतुदी आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीत कोणाचे काय कर्तव्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोंडवाड्याचा धडा

ग्रामीण भागाला हा प्रश्न नवा नाही. मोकाट गुरांसाठी गावोगावी कोंडवाडे होते. त्यासंबंधीचा कायदा १८७१ सालचा आहे. आणलेल्या जनावराचे वर्णन, दिवस व वेळ नोंदवहीत लिहावी, आणणाऱ्यास नोंदीची नक्कल द्यावी, जनावरास चारापाणी करावे, सात दिवसांत मालक न आल्यास वर कळवून जाहीर सूचना द्यावी आणि तरीही कोणी न आल्यास लिलाव करावा, असा त्याचा क्रम आहे. नोंद, सांभाळ, सूचना आणि मुदतीत निकाल ही ती चार तत्त्वे होत. मुक्या जनावराला उपाशी ठेवता येत नाही, म्हणून तेथे दिरंगाई लगेच दिसून येते. ट्रॅक्टर तक्रार करीत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु ज्याच्या घरचा तो असतो, त्याचा नांगरणीचा हंगाम जातो आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

रस्त्यावर पडलेले वाहन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलविण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडके, जळालेले किंवा सुटे भाग काढून घेतलेले वाहन रहदारीस धोका निर्माण करीत असेल, तर ते तत्काळ हलविता येते. ओढून नेण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. दंड असल्यास तो वेगळा.

जळालेल्या वाहनांचा हा उल्लेख गडचिरोलीत केवळ कागदावरचा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागड येथे खनिज वाहतुकीची अनेक वाहने नक्षलवाद्यांनी जाळली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहनांना आग लावण्यात आली आणि त्याच दिवशी जांभुळखेडा येथील स्फोटात पंधरा पोलीस जवान व एक वाहनचालक मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी सांगाडा हा आधी पुरावा असतो आणि तपासानंतर अडथळा ठरतो. पुरावा पूर्ण नोंदविल्यावर तो हलविणे हे तपासाइतकेच आवश्यक काम आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे बेवारस मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. गावातील सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. मात्र वाहनाचा गुन्ह्याशी संबंध असण्याची शक्यता असते. म्हणून पंचायतीने त्यास हात लावण्यापूर्वी पोलीस ठाण्यास लेखी कळविणे शहाणपणाचे ठरते.

वनगुन्हा आणि वाळू

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये महाराष्ट्राने कलमे ६१-अ ते ६१-ग समाविष्ट केली आहेत. वनगुन्ह्यात वापरलेले वाहन सरकारजमा करण्याचा अधिकार सहायक वनसंरक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्यास त्यांनी मिळाला. तथापि हा अधिकार निरंकुश नाही. मालकास लेखी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्या किंवा चालकाच्या माहितीशिवाय वाहन वापरले गेले आणि आवश्यक ती सर्व खबरदारी घेतलेली होती, असे मालकाने सिद्ध केल्यास वाहन सरकारजमा करता येत नाही. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. मालकाच्या दृष्टीने हे तीस दिवस मोलाचे आहेत. अज्ञानामुळे ते निसटतात आणि मग दाद मागण्याची वाट अवघड होते.

वैनगंगा, वर्धा व प्राणहिता यांच्या काठी वाळूच्या अवैध वाहतुकीबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८ लागू होते. तेथे अधिकार महसूल खात्याचा असून, दंड भरल्यावर आणि पुन्हा असे कृत्य न करण्याचे बंधपत्र दिल्यावर वाहन सोडता येते. म्हणून आपले वाहन कोणत्या खात्याने कोणत्या कायद्याखाली धरले आहे, ही माहिती मालकाने प्रथम लेखी मिळवावी. चुकीच्या कचेरीत खेटे घालण्यात महिने वाया जातात.

ग्रामसभेचा परवाना

या विषयाला वनहक्काचीही एक बाजू आहे. वन हक्क कायदा, २००६ ने बांबूस गौण वनोपज मानले. एप्रिल २०११ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या समितीमार्फत वाहतूक परवाने देण्याची पद्धत घालून दिली. तेव्हा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाचा वैध परवाना असलेले बांबूचे वाहन तपासणी नाक्यावर आले, तर तो कागद ओळखता येणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याचबरोबर परवान्यावर माल, परिमाण, वाहन क्रमांक आणि मार्ग बिनचूक लिहिणे ही ग्रामसभेची जबाबदारी आहे. सागाच्या इमारती लाकडास मात्र हा परवाना चालत नाही, हेही गावात स्पष्ट सांगितले पाहिजे.

मुदतीचे महत्त्व

जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून ठेवण्यात काहीच हशील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये स्पष्ट केले. छायाचित्रे व पंचनामा करावा आणि योग्य बंधपत्र व हमी घेऊन वाहन परत द्यावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने याला मुदतीची जोड दिली. मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचे विवरण तयार करावयाचे, छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावयाचा आहे. वनगुन्ह्यातील सरकारजमा करण्याची कार्यवाही मात्र वन अधिनियमाच्या स्वतंत्र तरतुदींनुसारच चालते.

प्रत्येकाचा वाटा

कायद्याचे बळ कचेरीतील नोंदवहीत असते. जप्तीच्या वेळीच इंजिन व चासी क्रमांक, टायर, बॅटरी व अवजारे यांची यादी पंचनाम्यात लिहून तिची प्रत चालकास द्यावी. म्हणजे पुढे भाग चोरीस गेल्याचा वाद उरत नाही आणि प्रामाणिक कर्मचाऱ्यावर किटाळही येत नाही. वाहन उंचवट्यावर, शक्य तर छपराखाली ठेवावे. दरमहा नोंदवही तपासून कोणते प्रकरण कोठे अडले आहे ते पाहावे.

ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याने कोणास, कशासाठी व किती दिवस दिला याचा साधा करार लिहून ठेवावा; प्रसंगी तोच त्याचा बचाव ठरतो. सरपंचांनी ग्रामसभेत अपिलाची मुदत समजावून सांगावी. शिक्षकांनी अर्ज लिहिण्यास हातभार लावावा आणि गंजलेल्या वाहनांत मुले खेळणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.

जंगल लुटणाऱ्याचे वाहन सरकारजमा झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याचा लिलाव वेळेवर झाला, तरच शासनाच्या तिजोरीत योग्य किंमत पडेल. निर्दोष मालकाचे वाहन हंगामापूर्वी त्याच्या दारी परत गेले, तर जंगलाच्या रक्षणात तो शासनाच्या बाजूने उभा राहील. वनांचे रक्षण आणि शेतकऱ्याचा न्याय ही दोन्ही कामे एकाच नोंदवहीतून होणारी आहेत. ती नोंदवही रोजच्या रोज लिहिली जावी, एवढीच अपेक्षा.