भानामती : अदृश्य हाताचा शोध

इ. स. १९७६ सालीं ब्रायन द पाल्मा या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'कॅरी' नांवाचा बोलपट प्रसिद्ध झाला. स्टीफन किंग याच्या १९७४ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला असून, त्याची नायिका ही शाळेंत सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेली व घरीं धर्मवेड्या आईच्या धाकांत वाढलेली एक भित्री मुलगी आहे. ती वयांत येते आणि तिला असें आढळून येतें कीं, नुसतें मनांत आणलें तरी वस्तू जागच्या हलतात. पुढें शाळेच्या समारंभांत तिच्या अंगावर डुकराचें रक्त ओतून तिची विटंबना होते. तिचा संताप अनावर होतो, दारें आपोआप बंद होतात, आग भडकते, आणि चेष्टा करणाऱ्यांबरोबर निरपराधीही त्या आगींत सांपडतात. घरीं परतल्यावर सुऱ्या हवेंतून जाऊन आईच्या अंगांत शिरतात. सिसी स्पेसेक या नटीनें ही मुलगी अशा कांहीं करुणेनें उभी केली आहे कीं, प्रेक्षकाला तिचें भय वाटण्याऐवजीं तिच्यासाठींच भय वाटूं लागतें.

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यांतील एखाद्या वृद्ध गृहस्थास ही कथा सांगितली तर त्याला तींत फारसें नवल वाटणार नाहीं. त्या मुलुखांत या प्रकाराला स्वतंत्र नांवच आहे : भानामती. बंद पेटींतलें लुगडें जळतें, शिजलेल्या अन्नांत घाण सांपडते, भर दुपारीं माळवदावर दगड पडतात, उतरंडीचीं मडकीं कोसळतात, अंगावर फुल्या उमटतात, एखाद्या मुलीच्या डोळ्यांतून खडे निघतात. मराठी, कानडी व तेलुगु या तीन भाषांच्या सांध्यावरचा हा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत एकत्र नांदला. त्यामुळें ही समजूत आजच्या राज्यांच्या सीमा मानीत नाहीं. बिदरकडे आणि तेलंगणांतही ती थोड्याफार फरकानें याच नांवानें ओळखली जाते.

मनाच्या बळानें वस्तू हलवितां येतात काय, याची परीक्षा इतरत्र पुष्कळ झाली आहे. लेनिनग्राडच्या नीना कुलागिना या बाई काड्या हलवितात असें दाखविणाऱ्या फिती एके काळीं फार गाजल्या. परंतु फसवणुकीस जागाच उरूं नये अशा कडक बंदोबस्तांत ते प्रयोग झाले नाहींत. उरी गेलर हा १९७३ सालीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर, जेम्स रँडी या जादूगाराच्या सल्ल्यानें मांडलेल्या सामानापुढें बसला, आणि चमचे वांकविणारी ती शक्ति त्या रात्रीं त्याला वश झाली नाहीं. मूळचे केरळचे पण सिंहलद्वीपांत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर यांनीं १९६३ सालीं चमत्कार सिद्ध करणारास एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. १९७८ सालीं ते वारले, तोंपर्यंत तें कोणीही जिंकलें नव्हतें.

लातूर-नांदेडकडील माणसाला भांडीं हलण्याचा दुसराही अनुभव आहे, व तो फार दारुण आहे. १९९२ सालीं औसा तालुक्यांतील किल्लारी गांवास धक्के बसूं लागले. आणि गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहांटे चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती झोंपलेल्या माणसांवर कोसळून हजारों लोक प्राणांस मुकले. नांदेड शहराच्या पोटांतूनही २००७ सालच्या सुमारास कांहीं काळ आवाज व लहान धक्के येत होते. येथें एक साधी कसोटी हातीं लागते. भूकंप साऱ्या गांवाचीं भांडीं हलवितो. भानामती मात्र एकच घर निवडते, त्या घरांतही ठराविक वेळ साधते, आणि चार डोळे रोखून बसले कीं थबकते. एवढी सावधगिरी जमिनीला कळत नाहीं. ती माणसालाच कळते.

फुल्यांचेंच पाहा. बिब्बा ही वस्तु जुन्या घरांतून औषधासाठीं असेच, आणि परीटही कपड्यांवर खुणा करण्यास तिचाच उपयोग करीत. बिब्ब्याचें तेल कातडीला लागलें तर लगेच कांहीं दिसत नाहीं. कांहीं तासांनीं, कित्येकदां दुसऱ्या दिवशीं, तें उततें आणि फोड व काळा डाग उठतो. रात्रीं निजलेल्या माणसाच्या पाठीवर काडीनें फुली ओढली, तर ती उमटतांना सारें घर जागें असतें व ओढणारा हात केव्हांच धुतलेला असतो. भानामतीचें पुष्कळसें गूढ या मधल्या कांहीं तासांत आहे. आगीचेंही तसेंच. पिंवळा फॉस्फरस हवा लागली कीं उन्हाळ्याच्या उष्म्यांत आपोआप पेट घेतो हें खरें. पण रसायनशास्त्रापर्यंत जाण्याचें कारण क्वचितच पडतें. बहुधा घरांतली काडेपेटीच पुरते.

तो हात कोणाचा, या प्रश्नापाशीं मात्र चित्रपट आणि तपास यांची गांठ पडते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति, जी १९८९ सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं स्थापन केली, तिच्या कार्यकर्त्यांनीं अशीं अनेक प्रकरणें हाताळलीं. त्यांचा अनुभव असा कीं, करणारी व्यक्ति घरांतलीच असते, आणि पुष्कळदां ती वयांत येणारी मुलगी, नाहीं तर नुकती नांदावयास आलेली सून असते. शाळा सुटलेली, मनाविरुद्ध लग्न ठरलेली, माहेरीं जाऊं न दिलेली. तिला कोणी विचारीत नाहीं. पण पेटींतला शालू जळाला कीं सारें घर तिच्याभोंवतीं गोळा होतें. तिचें कृत्य निव्वळ लबाडी म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण तें खरें नव्हे. कित्येकदां स्वतःच्या करणीचें पुरतें भान तिलाही नसतें. गांवांत बायकांचा घोळका कुत्र्यामांजरांसारखा ओरडूं लागतो त्यांत तर लबाडीचा अंशही बहुधा नसतो. मध्ययुगांत फ्रान्समधील एका मठांतील जोगिणी मांजरांप्रमाणें म्यांव म्यांव करूं लागल्या, अशी कथा यूरोपांतही सांगतात.

इकडे आळ जातो तो भलतीकडेच. देवऋषी बोट दाखवितो तें शेजारच्या एकट्या विधवेकडे, भाऊबंदकींतल्या वैऱ्याकडे किंवा खालच्या मानलेल्या जातीच्या घराकडे. मंत्र म्हणतां येऊं नये म्हणून संशयिताचे दात पाडण्याचे अघोरी प्रकार तेलंगणांत घडलेले आहेत. म्हणजे अशा घराभोंवतीं दोन जीव धोक्यांत असतात : एक, जिनें कांहींच केलेलें नाहीं ती, आणि दुसरी, जिनें केलें असून जिच्यावर अद्याप कोणाचाही संशय नाहीं ती. पहिलीच्या संरक्षणास आतां कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला व डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा केला. अमुक माणूस करणी करतो असें भासवून त्याचें जगणें कठीण करणारास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

दुसरीसाठीं कायद्याचा उपयोग नाहीं. तिच्यासाठीं कार्यकर्त्यांनीं एक पद्धति बसविली आहे, आणि सर्व प्रकरणांत तीच अधिक अवघड आहे. घरांतील प्रत्येकाशीं एकांतांत बोलावयाचें, कोण केव्हां कोठें होतें हें जुळवावयाचें, आणि करणारी व्यक्ति ध्यानांत आल्यावर तिच्याशीं बोलून, तिला मानसोपचाराची गरज असल्यास त्याची सोय करून, घरच्यांना इतकेंच सांगावयाचें कीं उद्यांपासून हें बंद होईल. नांव सांगावयाचें नाहीं. बाहेर अंगणांत गांव जमलेलें असतें, देवऋषीस दिलेल्या पैशांचा हिशेब चाललेला असतो, आणि घरचा कर्ता पुरुष पुन्हां पुन्हां विचारतो कीं, "कोण तें एकदां सांगा." आंत, चुलीपुढें, ती भाकरी थापीत असते.