कारखान्यामागच्या डोंगराचे मस्टर



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र अंबरनाथच्या एमआयडीसीमागचा डोंगर, तिथली झाडेझुडपे, पाखरे आणि ओढ्यातले किडे हा विषय कळवला. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या गेटवर बरेच झाले. तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाचे व्याख्यान आपणास माझ्याकडून मिळणार नाही. संघटनेच्या कामात जे एक सत्य मला पटले, तेच या डोंगरालाही लागू पडते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ते सत्य असे की, ज्याचे नाव मस्टरवर नाही तो माणूस कायद्याला दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात एका कंत्राटी कामगाराची दोन बोटे यंत्रात गेली. तो तिथे चार वर्षे राबत होता आणि आजूबाजूच्या दहाजणांना ते ठाऊक होते. पण हजेरीपुस्तकात त्याचे नाव नव्हते. भरपाईची गोष्ट निघाली तेव्हा मालकाच्या माणसाने शांतपणे विचारले, "हा गृहस्थ आमच्याकडे होता याला पुरावा काय?" मंडळी, डोंगराची स्थिती याहून वेगळी नाही. उद्या एखाद्या टेकडीवर रस्ता, कचऱ्याचे मैदान किंवा भूखंड यायचे ठरले की कागदावर शब्द पडतात : "झुडपी जमीन, विशेष काही नाही." तिथे नवरंग पक्षी घरटे करतो की नाही, शेवळे उगवते की नाही, हे सांगणारे हजेरीपुस्तक कोणी ठेवलेलेच नसते.

आता आपल्या भोवती काय आहे ते पाहा. एका बाजूला मलंगगडाची रांग. दक्षिणेकडे काकोळ्याच्या डोंगरात वालधुनी उगम पावते. तिच्याच काठी इसवी सन 1060 मध्ये शिलाहारांनी बांधलेले शिवमंदिर उभे आहे. पुढे ती उल्हासनगरातून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. चिखलोलीचे धरण तर कारखान्यांच्या शेजारीच आहे. बदलापूरच्या पुढे बारवीचे धरण आहे, ते एमआयडीसीच्याच मालकीचे. म्हणजे ज्या पाण्यावर आपली यंत्रे चालतात, ते पाणी जंगलाच्या कुशीतून येते. या रानात साग, ऐन, कुडा, मोह, पळस, पांगारा, काटेसावर अशी पानगळीची झाडे आहेत. हे एके काळचे काडेपेटीचे गाव. विम्को नाक्यावर आपण रोज उतरतो. पण आपल्या देशात आगकाडी ज्या लाकडापासून करीत आले त्यांत सावरीचे लाकूड मुख्य, आणि ती सावर फाल्गुनात लाल फुलांनी भरून आपल्याच डोंगरावर उभी असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

एकच उदाहरण घेऊ, शेवळ्याचे. पहिला पाऊस पडला की ठाकूर आणि कातकरी बाया शेवळ्याच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. सोबत काकडाची आंबट फळे असतात. शेवळ्यात घशाला खाज आणणारे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते, हे ज्ञान त्या बायांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण जी जुडी घेतो ती भाजी म्हणजे त्या वनस्पतीचा फुलोरा आहे. पान मागाहून येते, ते पावसाळाभर जमिनीतल्या कंदात पुढल्या वर्षाची शिदोरी साठवते आणि मग सुकून जाते. फुलोरा राहिला तर त्याच्या वासाने किडे येतात, फळ धरते, बी पडते. सगळेच फुलोरे खुडले तर त्या वर्षी बी नाही. तेव्हा जुड्या कोणत्या उतारावरून येतात, पूर्वीपेक्षा लांब जावे लागते का, एवढे दोन प्रश्न आपण दर वर्षी विचारून उत्तरे लिहून ठेवली, तर दहा वर्षांत त्या उताराचा इतिहास तयार होईल. हे काम प्रयोगशाळेत होणारे नाही. ते बाजारात, भाजीच्या पाटीशीच होऊ शकते. आणि ते ज्या बाईने सांगितले तिचे नाव, तिची हरकत नसेल तर, वहीत आदराने लिहावे.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण आमच्या पोटाचा, आमच्या छातीचा प्रश्न त्याने सुटतो काय? सुटतो असे मी म्हणत नाही. परंतु तो मांडायला साधन मिळते. गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या घरोघर आहे. ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र संसार करून झाडाच्या सालीवर वा खडकावर धरलेले ते एक पापुद्र्यासारखे रूप आहे. त्याला मुळे नाहीत, हवा आणि पाऊस यांतूनच ते सर्व घेते, म्हणून हवेत गंधकाचा धूर वाढला की या जातीतले नाजूक प्रकार आधी मरतात. 1866 मध्ये नीलांडर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅरिसमधील एका बागेत हे ओळखले होते. आपणही आनंदनगरच्या रस्त्यावरचा आंबा आणि मलंगगडाच्या पायथ्याचा आंबा यांच्या साली शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो. मात्र झाड तेच, साधारण तेवढ्याच वयाचे आणि तेवढ्याच सावलीतले घेतले पाहिजे. नाहीतर तुलना खोटी ठरते.

पाण्याचेही तसेच. स्वच्छ वाहत्या ओढ्यातला दगड उलटा केला तर त्याच्या पोटाला नाजूक, शेपटीला तीन तंतू असलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. सांडपाण्याच्या गाळात त्या टिकत नाहीत. तिथे लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळतात. त्यांच्या रक्तात आपल्या रक्तासारखेच लाल द्रव्य असते, म्हणून थोड्या प्राणवायूवर त्या तगतात. काकोळ्याला दगड उलटा करावा, मग खाली पुलाजवळ करावा. वालधुनीचे काय झाले आहे हे नाकाला कळतेच. पण नाकाची साक्ष कोणी लिहून घेत नाही. तारीख, जागा आणि अळीचा प्रकार लिहिलेली वही मात्र पुढे ठेवता येते.

हे विद्वानांचे काम, आपले नव्हे, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात हातमागाचे विणकर रविवारी गुत्त्यात जमत आणि आठवड्यात सापडलेल्या वनस्पतींचा ढीग टेबलावर ठेवीत. एकेक नमुना हातोहात फिरे, नाव मोठ्याने उच्चारले जाई. महाग पुस्तके ते वर्गणी काढून सर्वांत मिळून घेत. त्यांच्यातला जॉन हॉर्सफील्ड नावाचा विणकर लिनियसने केलेले वनस्पतींचे वर्ग कागदावर उतरवून मागाच्या खांबाला टाचून ठेवी आणि विणता विणता पाठ करी. पुढे तो विणकरांच्या वनस्पतिमंडळाचा अध्यक्ष झाला. आपल्याकडेही 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा त्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पक्ष्यांच्या अभ्यासात ज्यांचे नाव जगभर झाले त्या सलीम अलींजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती.

उलट मी तर म्हणतो की कारखान्याचा माणूस या कामाला अधिक लायक आहे. बॉयलरवरचा माणूस दर तासाला दाब लिहितो. काही घडले म्हणून तो लिहीत नाही. लिहायची वेळ झाली म्हणून लिहितो. निसर्गाच्या नोंदीचा सगळा जीव याच सवयीत आहे. बिबट्या दिसला की सारेच सांगतात. परंतु "आज तासभर बसलो, नवरंग ऐकू आला नाही," ही नोंदही तितकीच मोलाची आहे, कारण तो यंदा कधी आला हे त्यावरूनच कळते. शिवाय रात्रपाळी करून जो सकाळी सात वाजता घरी निघतो, तो पाखरांच्या बोलण्याच्या ऐन वेळी रस्त्यावर असतो. तांबट, बुलबुल, शिंजीर यांची हजेरी त्याने घ्यायची नाही तर कोणी?

पद्धत सोपी आहे. एकच जागा धरावी : चिखलोलीचा काठ म्हणा, नाहीतर एखादा ओढा. महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी तिथे जावे. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले, हे लिहावे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे, मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि जाणत्याला विचारावे. ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंद टाकावी, पण घरची वही सोडू नये. रोप उपटू नये. घरट्याची आणि बिबट्याच्या वाटेची जागा चारचौघांत सांगू नये.

आणि ही वही नुसती हौस नव्हे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती नेमून लोकांच्या मदतीने जैवविविधतेची नोंदवही करायची आहे. ग्रामपंचायतीला तो कायदा आहे तसा नगरपरिषदेलाही आहे. देशभर ही कामे मागे पडली म्हणून हरित लवादाला 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून द्यावी लागली. मुदतीच्या धाकाने भरलेले मस्टर कसे असते, हे आपणा कामगारांना सांगायला नको. म्हणून समितीकडे जाऊन नोंदवही मागावी, वाचावी, आणि उणे असेल ते तारीखवार, सहीनिशी भरून द्यावे. संघटनेची शाखा, शाळा, महिला मंडळ, कोणीही हे करू शकेल.

मी आपल्याकडे निधी मागत नाही, मोर्चाही मागत नाही. सध्या कुडा फुलला आहे, करवंदे पिकत आहेत. थोड्याच आठवड्यांत पाऊस येईल, शेवळी बाजारात येतील, वलगणीचे मासे शेतात चढतील. एक वही, एक पेन्सिल आणि महिन्यातून दोन सकाळी, एवढे प्रत्येकाने काढावे. पुढल्या वर्षी याच मंडपात, वक्ता कोणीही असो, व्याख्यानाआधी पाच-दहा वह्या या टेबलावर ठेवल्या गेल्या, तर या डोंगराच्या बाजूने बोलताना "पुरावा काय?" या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर असेल.