अर्ज म्हणजे परमिट नव्हे

मी काही कायद्याचा माणूस नाही. तारापूर एमआयडीसीत पंप उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा बसवायचे, यात ज्याचं आयुष्य गेलं असा मी मेंटेनन्समधला फिटर. दोन वर्षं सौदी अरेबियात होतो. ती वगळली तर सगळी नोकरी बोईसरातच झाली. पण त्या दोन वर्षांमुळे आमच्या पास्थळच्या घरी अजूनही संध्याकाळी पोरं येतात. कुणाची ट्रेड टेस्ट झालेली असते, कुणाचं मेडिकल. कुणी आधीच आखातात असतो आणि फोन करतो. प्रश्न मात्र फिरून फिरून एकच असतो. "काका, दुसरीकडचा अर्ज टाकलाय. आता आहे ती नोकरी सोडू का?"

आज मला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. कारण एकदा त्याचं चुकीचं उत्तर मी स्वतःच स्वतःला दिलं होतं.

त्याआधी आमच्या कारखान्यांतली एक शिस्त सांगतो. रसायनांच्या प्लांटमध्ये जोखमीचं काम परमिटशिवाय करता येत नाही. वेल्डिंगसाठी हॉट वर्क परमिट लागतं, टाकीत उतरायचं तर त्याचं वेगळं. आम्ही कागद भरायचा, सुपरवायझरने तो पुढे पाठवायचा. मग प्लांटचा माणूस लाइन बंद आहे का, आत वायू साचलाय का हे तपासतो, वेळ लिहितो आणि सही करतो. कागद भरून टेबलावर पडलाय म्हणजे परमिट मिळालं असं होत नाही. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, की साहेब ओळखीचे आहेत, सही करणारच आहेत, म्हणून कुणी टॉर्च पेटवायची नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. तरी परदेशात मी तो विसरलो.

१९९७ साली मी मुंबईच्या एका एजंटामार्फत सौदीला गेलो. पूर्व किनाऱ्यावर जुबैल नावाचं शहर आहे. तिथे पेट्रोकेमिकलचे प्रचंड कारखाने आहेत, आणि तारापुरात हात बसलेल्या फिटर-वेल्डरला तिथे मागणी असते. करार दोन वर्षांचा, पगार नऊशे रियाल. तेव्हा एका रियालला साधारण दहा रुपये येत. बोईसरला मला जे मिळत होतं त्याच्या तिपटीहून ते जास्त होतं.

तिथली पद्धत पोचल्यावर कळली. मला बोलावणारा मालक म्हणजे माझा 'कफील'. व्हिसा मागितलेला त्याने, जबाबदारी त्याची. राहण्याचा परवाना, ज्याला 'इकामा' म्हणतात, त्यावर माझ्या नावाबरोबर त्याचंही नाव. पासपोर्ट त्याच्या कपाटात. सुट्टीवर घरी यायचं तर जाण्या-येण्याचा व्हिसाही त्यानेच मागायचा. पोट माझं होतं, पण कागद त्याचा होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग पगार दोन-दोन महिने लांबू लागला. जवळच दुसरा एक ठेकेदार होता, तो तेराशे रियाल द्यायला तयार झाला. जुन्या मालकाने लेखी सोडलं आणि सरकारी कचेरीत नाव बदललं की कफील बदलतो. आमच्यात त्याला सरसकट 'रिलीज' म्हणत. जुन्या कंपनीच्या माणसाने तोंडी होकार दिला. अर्ज झाला. नव्या कंपनीचा कारकून म्हणाला, "पेपर अंदर गया है. शनिवार से आ जाओ." तिथे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे आणि शनिवारी आठवडा सुरू होई. १९९८ च्या जूनमध्ये एका शुक्रवारी रात्री मी बॅग उचलली आणि नव्या कॅम्पवर राहायला गेलो.

पहिल्याच दिवशी शंका यायला हवी होती. मला मोठ्या प्लांटवर पाठवलं नाही. मागच्या यार्डात पाइप कापायला बसवलं. कारण प्लांटच्या गेटवर इकामा बघत, आणि माझ्या इकाम्यावर जुन्याच मालकाचं नाव होतं. कारकून म्हणे, आठ दिवसांत होईल. आठाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. जुन्या कंपनीत तोंडी होकार देणारा माणूस बदलून गेला होता. नव्याने आलेल्याने बघितलं, कागदावर सही नाही आणि माणूस कामावर नाही. त्याने मी पळून गेल्याची तक्रार नोंदवली. तिकडे त्याला 'हुरूब' म्हणतात. मी पाच किलोमीटरवर होतो आणि सरकारी दप्तरी फरारी होतो.

घरी मी यातलं काही कळवलं नव्हतं. नव्या कॅम्पचा फोन नंबरही दिला नव्हता. म्हटलं, कागद हातात आले की एकदमच सांगू.

त्या वर्षी गणपतीत, तिसऱ्या दिवशी, माझे बाबा गेले. भावाने शेजारच्या दुकानातून जुन्या कॅम्पवर फोन लावला आणि निरोप ठेवला. तिथे मी नव्हतो. बिहारचा एक मित्र तीन दिवसांनी शोधत आला तेव्हा मला समजलं. मी नव्या कंपनीच्या कचेरीत गेलो, घरी जायचंय म्हणालो. ते म्हणाले, "तू अजून आमच्या नावावर नाहीस, आम्ही व्हिसा कसा मागणार?" जुन्या कचेरीत गेलो. ते म्हणाले, "तू पळून गेलास." दोघंही कागदाच्या हिशेबाने बरोबरच होते. घरी सुतक, म्हणून गणपती शेजाऱ्यांनी विसर्जन केला. दिवसकार्य धाकट्या भावाने केलं. मी यार्डात पाइप कापत होतो.

सुटका फेब्रुवारीत झाली. एका जाणत्या केरळी फोरमनने मध्यस्थी केली. जुन्या कंपनीने तक्रार मागे घेतली, पण थकलेला पगार सोडायचा आणि कायमचं परत जायचं या अटीवर. मी अंगठाही दिला असता, सही तर दिलीच.

हा घोळ माझ्या एकट्याचा नव्हता. २०१३ साली सौदी सरकारने परदेशी कामगारांना कागदपत्रं नीट करून घेण्यासाठी काही महिन्यांची सवलत दिली. तेव्हा लाखो भारतीयांनी आपले कागद दुरुस्त करून घेतले, आणि लाखाहून अधिक माणसं मायदेशी परतली. त्यांतले कितीतरी जण असेच एका मालकाच्या कागदावर आणि दुसऱ्याच्या कामावर होते.

आता काळ बदलला आहे, हेही सांगायला हवं. कतारने सप्टेंबर २०२० पासून जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याने एक महिन्याची आणि त्याहून जास्त झालेल्याने दोन महिन्यांची नोटीस द्यायची. सौदीत मार्च २०२१ पासून खासगी कंपनीतल्या कामगाराला, एक वर्ष पूर्ण झालं असेल तर, नोटीस देऊन मालकाच्या संमतीविना बदली घेता येते. हे काम 'किवा' नावाच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर होतं. घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी यांना मात्र त्या सुधारणेतून वगळलं होतं. पण नीट ऐका. संमतीची अट गेली, नोटीस राहिली. अर्ज टाकल्यापासून बदली पूर्ण होईपर्यंत तुम्ही जुन्याच मालकाचे असता.

मागच्या वर्षी आमच्या ओळखीचा एक मुलगा जुबैलहूनच बोलत होता. त्याच गावात, तोच प्रश्न. नवी कंपनी म्हणत होती, उद्यापासून ये. मी विचारलं, "अरे, किवावर काय दिसतंय?" म्हणाला, "काका, नोटीसचे दिवस चालू आहेत." म्हटलं, "मग तुझं परमिट टेबलावर आहे, त्यावर सही नाही. जुन्या कामावर हजेरी लाव, आणि त्या हजेरीचा पुरावा ठेव." त्याला ते जिवावर आलं. नवी कंपनी थांबणार नाही अशी भीती होती. कंपनी थांबली. नसती थांबली तरी त्याची आधीची नोकरी शाबूत होती.

पण हा नियम सगळीकडे डोळे मिटून लावायचा नाही, हे मला आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने शिकवलं. ती केमिकल इंजिनिअर, अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर. ती कंपनी बदलते आहे असं कळल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सांगायला गेलो, "मंजुरी येईपर्यंत हलू नकोस." ती हसली. म्हणाली, "काका, इथे उलटं आहे." अमेरिकेने ऑक्टोबर २००० मध्ये कायदा केला, की जो आधीच एच-वन-बीवर रीतसर काम करतो आहे, त्याच्यासाठी नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न बघता तो नव्या कामावर जाऊ शकतो. म्हणजे तिथे कायद्यानेच अर्जाला तात्पुरतं परमिट केलं आहे.

मात्र पुढचं तिनेच सांगितलं. ही सोय आधीपासून त्या व्हिसावर असलेल्यांनाच; पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नाही. उद्या अर्ज नामंजूर झाला तर नव्या जागेचं काम थांबवावं लागतं. आणि नवा अर्ज दाखल होण्याआधीच नोकरी सोडली, तर जास्तीत जास्त साठ दिवस हातात राहतात, त्याआधी व्हिसाची मुदत संपत नसेल तर. म्हणून तिने काय केलं? अर्ज पोचल्याची सरकारी पावती हाती येईपर्यंत राजीनामा दिला नाही. ब्रिटनमध्ये पुन्हा आपल्या जुबैलसारखंच. तिथे कुशल कामगाराने अर्ज केला, तरी निर्णय येईपर्यंत नव्या मालकाकडे काम सुरू करायचं नाही. तोवर जुन्याकडे नोटीसचे दिवस भरता येतात.

तेव्हा प्रत्येक देशाला विचारायचा प्रश्न हाच, की अर्ज चालू असताना मी कोणाचा? याचं उत्तर त्या देशाच्या सरकारी कागदातून घ्यायचं. कारकुनाच्या, एजंटाच्या किंवा माझ्यासारख्या काकाच्या तोंडून नाही.

हीच चूक इथे बोईसरातही होते, आणि जास्त होते. तारापूरच्या कारखान्यात कायम असलेला एक वेल्डर. परदेशातलं ऑफर लेटर आलं, मेडिकल पास झालं, दुसऱ्याच दिवशी त्याने राजीनामा टाकला. स्टेशनावर पेढे वाटले. व्हिसा आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. कारखान्याने दुसरा माणूस घेतला होता. मग नऊ महिने तो त्याच कारखान्याच्या गेटातून ठेकेदाराचा माणूस म्हणून हजेरीवर जात होता. बायकोने मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं, ते सोडवायला आणखी एक वर्ष गेलं. ऑफर लेटर म्हणजे मालकाची इच्छा. मेडिकल म्हणजे आपली तब्येत. राजीनामा द्यायचा तो व्हिसा हातात पडल्यावर, आणि नोटीसचे दिवस भरता येतील अशी जाण्याची तारीख मागून. निघताना अनुभवाचा दाखला आणि पीएफचे कागद घेऊनच गेटाबाहेर पडायचं.

कुणी म्हणेल, म्हणजे मालक छळतोय, पगार देत नाही, तरी मुकाट्याने राहायचं का? मुळीच नाही. सौदीच्या नव्या नियमांत सलग तीन महिने पगार मिळाला नाही, तर वर्ष पूर्ण नसलं आणि मालकाची संमती नसली तरी बदली मागता येते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रारीचं पोर्टल २०१५ पासून आहे, दूतावासात कामगारांसाठी अधिकारी असतो. सोडायचं तर तक्रारीची नोंद करून सोडायचं. नोंद करून निघालेला कामगार आणि रात्री बॅग उचलून निघालेला कामगार, दोघांचं दुःख एकच असेल. पण कागदावर एक फिर्यादी असतो आणि दुसरा फरारी.

आणि शेवटचं, जे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. जागा बदलत असाल तर त्या दिवशीच घरी कळवा. कागद अर्धवट असले तरी कळवा. नवा नंबर द्या, कुठे झोपता ते सांगा. कागद पूर्ण झाल्यावर सांगू म्हणून मी थांबलो होतो. बोईसर स्टेशनावर सकाळी पाळीला निघालेल्यांचे डबे बघतो, तेव्हा प्रत्येक डब्यामागे घरी वाट बघणारं कुणीतरी आहे हे मला दिसतं. त्यांना आपला पत्ता ठाऊक हवा. तेवढ्यासाठी कोणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही.