सुट्या पानांचे कोडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



घरोघरी मुले ज्याच्याशी खेळतात ते जिगसॉ कोडे मूळचे लंडनचे. १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशे लाकडी फळीवर चिकटवून ते देशांच्या सीमांवरून करवतीने कापले व भूगोल शिकविण्यासाठी विकावयास ठेवले. पुढे नकाशांबरोबर चित्रे आली आणि मध्ययुगीन धर्मचित्रांचीही कोडी निघाली. या खेळाला दोन आधार असतात : सर्व तुकडे एकाच डब्यात असतात आणि पूर्ण चित्र डब्याच्या झाकणावर छापलेले असते. मध्ययुगीन जैन चित्रकलेपुढे जे कोडे काळाने मांडले आहे, त्यात मात्र हे दोन्ही आधार हरपले आहेत.

श्वेतांबर परंपरेत पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते. पंधराव्या शतकात, विशेषतः गुजरात व राजस्थानात, श्रावक-श्राविकांनी या ग्रंथाच्या सचित्र पोथ्या भक्तिभावाने लिहवून घेतल्या. ताडपत्राची जागा कागदाने घेतली, तरी पानांचा आडवा आकार तोच राहिला. दोरा ओवण्याच्या छिद्राच्या जागी रंगीत ठिपका शोभू लागला. लाल वा निळी पार्श्वभूमी, सोन्याची झळाळी आणि चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला दुसरा डोळा ही त्या शैलीची ओळख. पोथीची पाने शिवलेली नसत. सुटेपणा वाचनाच्या सोयीचा होता. पुढे तोच विक्रीच्याही सोयीचा ठरला. चित्रांची पाने वेगळी काढून एकेक विकली गेली. आज लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस येथील संग्रहालयांत अशी सुटी पाने जतन केलेली आढळतात.

पान सुरक्षित असेल, तर हानी कोणती? पहिली हानी क्रमाची. अजाण माणूस चित्रे लावू लागला, तर आदिनाथ ऋषभदेवांना प्रथम स्थान देईल. कल्पसूत्रातील जिनचरित्र मात्र भगवान महावीरांपासून आरंभ होऊन पार्श्वनाथ, नेमिनाथ असे मागे जात ऋषभदेवांपर्यंत पोहोचते. दुसरी हानी ओळखीची. दीक्षेच्या वेळी केशलोच करणारे तीर्थंकर आणि ते केस ग्रहण करणारा इंद्र हे दृश्य एकाहून अधिक चरित्रांत जवळजवळ सारखेच रंगविले जाते. ते कोणाचे, हे शेजारच्या ओळी आणि पानाच्या पाठीवरील समासातला क्रमांक सांगतो. चौकट करून भिंतीवर लावलेल्या चित्रात नेमकी तीच पाठ झाकली जाते.

तिसरी हानी सर्वांत मोठी. पोथीच्या अखेरच्या पानावर प्रशस्ती असते : संवत, गाव, लेखक आणि दात्याचे नाव. जौनपूर येथे विक्रम संवत १५२२, म्हणजे इ. स. १४६५ मध्ये सुवर्णाक्षरांत लिहिलेले कल्पसूत्र हर्षिणी नावाच्या श्राविकेने करविले. पाच शतकांहून अधिक काळ लोटला, तरी तिचे नाव आज घेता येते ते केवळ प्रशस्ती पोथीबरोबर राहिली म्हणून. प्रशस्तीचे पान साधे असते. त्यात चित्र नसेल तर विक्रेत्याला त्याचे मोल नसते. अशी किती श्राविकांची नावे पुसली गेली असतील, याची गणती कोण करणार?

हे कोडे जोडण्याचे काम संयमाचे आहे. मुनी पुण्यविजयजींनी १९५० च्या सुमारास जैसलमेरच्या ज्ञानभांडारात राहून तेथील प्राचीन ताडपत्रीय ग्रंथ व्यवस्थित लावले आणि त्यांची सूची सिद्ध केली. पानाची लांबी-रुंदी, ओळींची संख्या, अक्षरांचे वळण, छिद्राचे स्थान, ही अशा कामातील झाकणावरची चित्रे होत.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या हस्तलिखितांच्या खाजगी निर्यातीस बंदी घातली. परंतु कायद्याचा पहारा सीमेवर असतो. पोथी फुटते ती घरात, वाटणीच्या वेळी वा माळा आवरताना. म्हणून ज्या घरी जुनी पोथी असेल, तेथे चित्राचे पान वेगळे काढू नये, लॅमिनेशन करू नये. पाने मोजावीत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, साधे दिसणारे शेवटचे पानही त्याच वेष्टनात बांधावे आणि जाणकारांना दाखवावे. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी व दिगंबरांची श्रुतपंचमी हे दोन दिवस याच कामासाठी पूर्वजांनी नेमून दिले आहेत.

पूजेचे ताट क्षणभर बाजूला ठेवून त्या दिवशी पाने मोजली गेली, तर तीही श्रुतभक्तीच होय.

जय जिनेंद्र!