शस्त्राविना लढलेले सैनिक



जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पाड्यांवरून ऐन पावसाळ्यात रुग्णाला डोलीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणणे म्हणजे काय, हे येथील वनवासी बांधवांना ठाऊक आहे. या भूमीला युद्धसेवाही अपरिचित नाही. जव्हार संस्थानचे अधिपती यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात वायुदलात सेवा केली होती. म्हणूनच कोरियातील भारतीय सेवाव्रतींची कथा येथे सांगणे उचित ठरते.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. भारताने तेथे लढाऊ सैन्य धाडले नाही. धाडली ती ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. फील्ड अँब्युलन्स म्हणजे केवळ रुग्णवाहिका नव्हे. शल्यचिकित्सक, परिचारक, स्ट्रेचर वाहणारे जवान आणि वाहनचालक मिळून उभे राहिलेले ते रणांगणावरील फिरते रुग्णालय होय. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे तिचे प्रमुख होते.

नोव्हेंबर १९५० मध्ये हे पथक कोरियात उतरले. लवकरच चिनी सैन्याच्या रेट्यापुढे प्याँगयाँगमधून माघार घेण्याचा आदेश आला. वाहने अपुरी होती. औषधे आणि शस्त्रक्रियेची साधने मागे टाकली, तर पुढच्या जखमींना वाचवायचे कशाने? जवानांनी एक बेवारस वाफेचे इंजिन शोधून काढले, हातोहात बादल्या देत त्यात पाणी भरले आणि इंजिनाची माहिती असलेल्या सहकाऱ्यांनी गाडी हाकली. पूल उडवला जाण्यापूर्वी साहित्यासह सारे पलीकडे पोहोचले. वाहन चालवणे हे देखील प्राणरक्षण असते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

२३ मार्च १९५१ रोजी मुनसान येथे अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसमवेत रंगराज व त्यांचे मोजके सहकारी आकाशातून उतरले आणि त्यांनी जखमींवर उपचार केले. पथकाचा दुसरा भाग देगू येथे सामान्य कोरियन नागरिकांचीही शुश्रूषा करीत होता. रंगराज यांना महावीर चक्राने गौरविण्यात आले.

रेड क्रॉसच्या चिन्हाला कायद्याचे संरक्षण असते. परंतु तोफगोळा ते चिन्ह पाहून वाट बदलत नाही. जखमी जेथे पडला, तेथवर जावेच लागते. कोरियाच्या शासकीय नोंदींनुसार तेथे सेवा बजावलेल्या ६२७ भारतीयांपैकी तिघांनी प्राण अर्पण केले. शत्रूला मारताना नव्हे, तर परक्या देशातील माणसाला जगवताना त्यांना मृत्यू आला. पाठ्यपुस्तकांत त्यांना क्वचितच स्थान मिळते.

शौर्य आणि सेवा या दोन भिन्न वाटा आहेत, असा एक समज रूढ झाला आहे. कोरियातील या वीरांनी तो खोटा ठरवला. खांद्यावर डोली घेऊन ओढा ओलांडणारा मोखाड्याचा तरुण त्यांच्याच परंपरेतला आहे. त्या खांद्याला आपला खांदा लावणे आणि पाड्यापासून रुग्णालयापर्यंतची वाट सुकर करणे, हेच त्या हुतात्म्यांचे खरे स्मारक ठरेल.

भारत माता की जय!