काटा आणि काळीज



मुंबईच्या रेल्वे फलाटांवर पूर्वी रंगीत दिव्यांची वजनाची यंत्रे उभी असत; त्यांत नाणे टाकले, की पुठ्ठ्याचे एक चिमुकले तिकीट खाली पडे आणि त्याच्या एका अंगास वजन, तर दुसऱ्या अंगास भविष्य छापलेले असे. दादरला गाडीची वाट पाहता पाहता वजन हसण्यावारी नेऊन भविष्याचे मात्र मोठ्याने वाचन करणारी मंडळी आपण पाहिलीच असतील. त्या दोन अंगांचा खरा संबंध काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा संबंध आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल पुरुषाचे जे आठ दोष गणले आहेत, त्यांत आयुष्याचा ऱ्हास हा पहिला आहे. आणि स्थौल्याची चिकित्सा कार्श्याहून अवघड, असाही अभिप्राय तेथे नमूद आहे. मेद वाढला, की देहात खेळवावयाच्या रक्ताचे प्रमाण वाढते, त्या भाराने हृदयाची डावी जवनिका जाड होत जाते, रक्तदाब आणि मधुमेह हे जोडीदार येऊन मिळतात, झोपेत श्वास अडू लागतो. आणि लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थास या साऱ्याची पहिली वर्दी देतो तो त्याचा रोजचा जिना.

अशा प्रसंगी आहार आणि व्यायाम यांनी यश न आल्यास शस्त्रक्रियेचाही मार्ग असतो. तीत कधी जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, तर कधी जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. भुकेचा अंमल यामुळे ओसरतो. परंतु जीवनसत्त्वे व लोह यांची तजवीज मात्र जन्मभर करावी लागते.

हृदयाच्या पदरी काय पडते, याचा एक भक्कम दाखला स्वीडनमधला आहे. तेथे १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २०१० आणि न झालेल्या २०३७ स्थूल व्यक्तींवर लक्ष ठेवण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, सुमारे पंधरा वर्षांच्या मुदतीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी पहिल्या गटात २८, तर दुसऱ्यात ४९ मृत्यू झाले. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही त्यातील उणीव मान्य केलीच पाहिजे. पण विलक्षण बाब अशी, की किती किलो घटले यावर हृदयाचा लाभ अवलंबून दिसला नाही. ज्यांच्या रक्तात आरंभी इन्सुलिन अधिक होते, त्यांना तो अधिक झाला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध करून, नुसते वजन सारे सांगत नाही, हेच निराळ्या रीतीने दाखविले होते: उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण सहकाऱ्याच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! भारतीयांत त्याच वजनाला मेद अधिक आढळतो, यास्तव भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली शस्त्रक्रियेची पायरी तेव्हाच्या पाश्चात्त्य मर्यादेहून खाली आणली, शरीरभारांक (बीएमआय) ३७.५, आणि मधुमेहासारखा विकार जडला असल्यास ३२.५.

चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात २०१७ साली इजिप्तहून एक स्त्री आणली गेली, तेव्हा तिच्या पाचशे किलोंचाच बोलबाला झाला. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, वजन झपाट्याने उतरले. तरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अबू धाबी येथे हृदय व मूत्रपिंडांच्या विकारांनी तिचे निधन झाले. काटा खाली आला, पण वर्षानुवर्षे ओझे वाहून शिणलेली इंद्रिये तितक्या तातडीने सावरत नाहीत.

म्हणून परळच्या एखाद्या रुग्णालयात केसपेपर काढून रांगेत उभे राहाल, तेव्हा वजनाबरोबर रक्तदाब आणि साखरही विचारा. झोपेत श्वास अडतो काय, हे घरच्या माणसाला सांगू द्या. आणि शेजारच्या स्थूल माणसाला खादाड म्हणून हिणवू नका. त्या लाजेनेच तो डॉक्टरांची पायरी चढावयास कित्येक वर्षे उशीर करतो. फलाटावरच्या तिकिटाचे भविष्य छापखान्यात आधीच ठरलेले असे. या शेजाऱ्याचे अजून ठरावयाचे आहे.